दुसरी ओळ उजवीकडून

माझी चित्रं पुस्तकात न्हाईत, हे आधीच सांगून टाकते. कॉलनीतल्या बायका अजून विचारतात, काकू, पुस्तक कधी दाखवता? पुस्तक निघालं, चांगलं गुळगुळीत कागदावर निघालं. त्यात सात जणांची कॉमिक्स आहेत आणि आठवी मी होते. मला कोणी काढलं न्हाई, मी निघाले. मुलगा पाहुण्यांना सांगतो की पानं कमी पडली. सून सांगते की आई चिडल्या. दोन्ही चूक आहे, म्हणून लिहायला बसले.

मी फार शिकलेली न्हाई. टेंभुर्णीच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं आपलं आपण. वाचायची सवय किराण्याच्या पुड्यांनी लावली आणि चित्रांची कॅलेंडरनं. महिना संपला की पान फाडायचं, उलटं करायचं, पाठ कोरी असते. बैल काढायचे, चूल काढायची, भांडणारी सासू काढायची आणि सासूला दाखवायची न्हाई. मंग मुलगा एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत लागला, आम्ही जालन्याला फ्लॅटात आलो. सून बँकेत. सकाळी नऊला दोघं गेले की घर बंद, आत मी, आणि कॅलेंडरला वर्षाची बाराच पानं.

एका रविवारी सुनेनं मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि माझ्याकडं बघून राह्यली. टेंभुर्णीच्या रस्त्याला एक जुनं बियाण्याचं गोदाम आहे, तिथं चित्रकारांना महिनाभर राह्यला बोलावतात, म्हणाली. त्याला आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतात. एक जागा जिल्ह्यातल्या माणसासाठी ठेवलेली आहे.

मी विचारलं, "स्वयंपाक किती जणांचा?"

"आई, स्वयंपाकाला दुसरी बाई आहे."

"मंग मी काय करणार?"

"चित्रं."

"आणि दुपारी?"

"दुपारी पण चित्रं."

मला त्यात काहीतरी खोट वाटली. महिनाभर जेवायला घालतात आणि काम सांगत न्हाईत, असं कुठं असतं का? पण सुनेनं फॉर्म भरला, माझ्या कॅलेंडरच्या पाठींचे फोटो पाठवले, आणि माझी निवड झाली. फॉर्म तिनंच भरला हे ध्यानात ठेवा. पुढं ती माझ्याशी भांडणार आहे, तेव्हा तिच्यावर राग धरू नका.

गोदाम लांबच्या लांब. आत बियाण्याच्या औषधाचा वास अजून होता, भिंती मात्र पांढऱ्याशुभ्र केल्त्या. खिडकीपाशी आठ टेबलं, आठ खुर्च्या. चालवणारी बाई मुंबईकडची, गोदाम तिच्या सासरचं. तिला सगळे मॅडम म्हणायचे. तिनं मला पहिल्याच दिवशी आजी म्हणलं. मी म्हणलं, मला मावशी म्हणा, आपण दोघी एकाच वर्षी म्हाताऱ्या झालोत, तुम्ही केस काळे केले एवढंच. ती हसली. बाई वाईट न्हाई, हे मी शेवटपर्यंत म्हणीन.

पहिले तीन दिवस मी काही काढलंच न्हाई. सगळ्यांचे चहाचे कप धुतले. स्वयंपाकीणबाईला वाटलं मी तिच्या नोकरीवर टपलेय, तिनं माझ्या हातातून कप हिसकून घेतले. मंग टेबलाशी जाऊन बसावंच लागलं. आणि खरं सांगते, तो बसण्याचा प्रकार फार अवघड होता. समोर मोठा कोरा कागद, पाठ न्हाई, पोट. कोणी हाक मारत न्हाई. कुकरची शिट्टी न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा दुपार माझ्या अंगावर आली.

माझ्या खोलीत पुण्याची एक पोरगी होती, कॉमिक्स काढणारी. त्या महिन्याला सगळ्यांनी कॉमिक्सच काढायची होती, शेवटी त्यांचं एक पुस्तक होणार होतं. मला वाटायचं कॉमिक म्हणजे पोरांच्या मासिकातली चौकटी-चौकटीची गोष्ट. तिनं मला तिची दाखवली. एक गोल होती, ताटासारखी, कुठूनही सुरू करा. एकात शब्दच न्हवते. एकात माणूस चौकटीतून पाय बाहेर काढून खालच्या चौकटीत जाऊन झोपला होता. मी विचारलं, असं चालतं? ती म्हणाली, मावशी, कागद तुमचा आहे, त्याच्यावर कसं चालायचं ते तुम्हीच ठरवायचं.

हे तिनं सहज म्हणलं असंल. पण मला असं कोणी कशाच्याच बाबतीत सांगितलं न्हवतं. त्या रात्री मला काय काढायचं ते कळलं, आणि सकाळी पोहे खायच्या आधी मी टेबलाशी होते.

मी शेडनेट काढलं. शेडनेट म्हणजे हिरव्या जाळीचं मोठं घर, त्यात बियाण्यासाठी मिरची घेतात. आमच्या भागात गावोगाव आहेत. जालन्याला यायच्या आधी मी आणि माझी धाकटी जाऊ तिथं कामाला जायचो. काम बारीक. उद्या उमलणारी कळी आज चिमट्यानं उघडायची आणि तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीच्या मिरचीच्या फुलातली परागाची भुकटी लावायची आणि देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा असलेल्या मिरचीचंच बी धरायचं. एका ओळीतून असं करत जायचं, टोकाला वळायचं आणि शेजारच्या ओळीतून परत यायचं.

तसंच मी कागदावर काढलं. पहिली ओळ डावीकडून उजवीकडं, बाई वाकलीय, चिमटा, कळी, दोरा, पुढची कळी. टोकाला आले तर वळले आणि दुसरी ओळ उजवीकडून डावीकडं काढत आले. तिसरी परत डावीकडून. मी काही ठरवून केलं न्हवतं. मला दुसरं सुचलंच न्हाई.

पुण्याच्या पोरीनं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीत अडकली. "मावशी, ही ओळ उलटी झालीय."

"उलटी कशी? ओळ संपली तेव्हा मी उजव्या टोकालाच उभी हाये ना."

"हो, पण वाचताना आपण परत डावीकडून..."

"रिकाम्या हातानं अख्खं शेत चालून परत डावीकडं जाऊ? कशापायी?"

ती परत पानावर वाकली. मंग बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी वळत वळत. आणि उठून पळतच गेली बाकीच्यांना बोलवायला. सगळे माझ्या टेबलाभोवती. कोणीतरी 'प्रायोगिक' म्हणलं. मॅडम म्हणाल्या, हे फारच प्रायोगिक आहे, आजी. मी मनात म्हणलं, आमच्या गावात शंभर बायका रोज हा प्रयोग करून राह्यल्या.

आता वळणाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. ओळीत बायका बोलत न्हाईत. मान खाली, नजर कळीवर, एक चुकली तर मुकादम ओरडतो. बोलणं जे काय होतं ते टोकाला, वळताना. कंबर सरळ करायची, दोन शब्द, की चालली पुढची ओळ. कोणाचं लगीन मोडलं, कोणाला दिवस गेले, कोणाचा नवरा कुठं पडला होता, सगळं आम्हाला वळणावर कळलेलं आहे.

आणि माझी गोष्टही वळणावरचीच होती. एका वर्षी ऊन लवकर चढलं. जाळीत हवा न्हाई. पाण्याचा माठ एकच, दाराशी, आणि पलीकडच्या टोकाला काही न्हाई. मुकादमाला चार वेळा सांगितलं, तिकडं पण एक माठ ठेवा. तो म्हणायचा, बघू. एका दुपारी पलीकडच्या वळणावर माझ्या जावेला चक्कर आली, ती खाली बसली. तिच्याजवळ मी बसले. मागून येणारी बसली. जी कोणी ओळ संपवून वळणावर यायची ती बसायची. तेरा बायका. मुकादम ओरडत आला, कोणी त्याला उत्तर दिलं न्हाई, कोणी उठलं न्हाई. शेवटी तो गेला आणि माठ स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला. एवढीच गोष्ट. आठ पानं झाली.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं दाखवली. पुण्यात कोणी मांडणी करणारा होता, त्यानं माझ्या ओळी कापून सगळ्या डावीकडून उजवीकडं लावल्या होत्या. पण दुसऱ्या ओळीतल्या बायकांची तोंडं डावीकडं, त्या मागं मागं चालल्यासारख्या दिसायला लागल्या असतील, म्हणून त्यानं चित्रंच आरशात धरल्यासारखी फिरवली. आता दर दुसऱ्या ओळीत आमच्या बायका उजव्या खांद्यावर पदर घेऊन आणि डाव्या हातानं दोरा बांधून राह्यल्या. आणि वळणं तर न्हाईतच. जिथं तेरा बायका एका टोकाला बसल्या होत्या, तिथं अर्ध्या एका पानावर, अर्ध्या दुसऱ्या पानावर. का बसल्या, कुठं बसल्या, काही पत्ता न्हाई.

मी म्हणलं, हे माझं न्हाई.

मॅडमनी मला शांतपणे समजावलं. वाचक गोंधळतो. पुस्तक पुण्या-मुंबईला जाणार, लोक शोधत बसत न्हाईत. फार तर आपण ओळी आहेत तशा ठेवू आणि बाण काढू, आकडे टाकू. मी म्हणलं, शेतात बाण असतो का? त्या म्हणाल्या, हे शेत न्हाई आजी, हे पान आहे.

त्या दिवशी जिद्दीला पेटले असं म्हणता येईल, पण खरं म्हणजे मला भीती वाटली होती. बाईचं म्हणणं खरं असलं तर? संध्याकाळी सुनेचा फोन आला. तिनं बँकेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मुलाच्या साहेबांना पुस्तक द्यायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "आई, एवढ्याशा ओळीसाठी अडून बसताय? लोकांना वाचताच आलं न्हाई, तर तुमचं खरं असून काय उपयोग?"

हे मला लागलं. बराबर जागी लागलं. मी फोन ठेवला आणि लगेच जावेला लावला. म्हणलं, उद्या ये, काम आहे.

माझी जाऊ अजून टेंभुर्णीत राहते, अजून शेडनेटला जाते. सहीपुरतं लिहिता येतं, कॉमिक तिनं आयुष्यात पाहिलं न्हाई. सकाळच्या काळीपिवळी जीपनं आली. आल्या आल्या विचारलं, अक्का, तुला इथं उपाशी ठेवतात का, वाळलीस. मी तिला टेबलाशी बसवलं, पानं समोर ठेवली, काही सांगितलं न्हाई. मॅडम आणि पुण्याची पोरगी बाजूला उभ्या होत्या.

तिनं पहिल्या कळीवर बोट ठेवलं. ओळीच्या टोकापर्यंत नेलं. तिथं बोट खाली घसरलं आणि आलेल्या वाटेनं माघारी निघालं. जरासुद्धा थांबली न्हाई. वाचता वाचता बोलून राह्यली, ही तुझी साडी, हा मुकादम, मेल्याचं पोट बराबर काढलंस, माझं नाक असं हाये का गं? पाचव्या पानावर थांबली.

"हे काय काढलंस? मी पडले?"

"चक्कर आल्ती ना तुला."

"मला कधी चक्कर आली? मी बसले होते. मुद्दाम बसले होते. चार बार सांगून माठ आणंना, म्हणलं आता उठायचंच न्हाई."

इतकी वर्षं मी समजून होते की तिला चक्कर आली म्हणून आम्ही बसलो. तिनं कधी सांगितलं न्हाई, मी कधी विचारलं न्हाई. मी विचारलं, मंग तेव्हाच का बोलली न्हाईस? ती म्हणाली, तुम्ही सगळ्या घाबरून बसल्या, मला बरंच झालं, म्हणून बोलले न्हाई.

मी रबर घेतला आणि तिच्यासमोर ती चौकट खोडली. डोळे मिटलेली जाऊ पुसली, आणि मांडी घालून, मुकादमाच्या वाटेकडं बघत बसलेली जाऊ काढली. नाकही थोडं सरळ केलं. मंग मॅडमकडं वळले. म्हणलं, बघा, चूक असली तर मी खोडते. चूक सांगणारा मात्र तेव्हा तिथं शेतात असलेला पाहिजे.

मॅडमनी वाकून नवी चौकट बघितली. मंग हळूच म्हणाल्या, "आजी, त्यांनी छान वाचलं. पण हे पुस्तक त्यांच्यासाठी न्हाई."

मनात असंल ते बाईच्या तोंडून निघालं. जाऊ तिथंच बसली होती. तिच्याकडं बघून मी म्हणलं, "मंग माझं बी न्हाई."

एवढंच झालं. मी चिडले न्हाई, पानंही कमी पडली न्हाईत. पानं गोळा केली, पिशवीत घातली. पुण्याच्या पोरीनं फार विनवण्या केल्या, एक लांब पट्टी करू, सगळ्या ओळी एकामागं एक चिकटवू, म्हणजे उलट-सुलट राहणारच न्हाई. हुशार पोरगी. पण पट्टीला वळण कुठलं? मी तिलाही न्हाई म्हणलं.

पुस्तकातून निघाले तरी महिन्याचे सहा दिवस शिल्लक होते आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांची चित्रं पाहायला माणसं येणार होती. मी मॅडमला विचारलं, ती मागची लांब भिंत कोणाची आहे? त्या म्हणाल्या, कोणाचीच न्हाई. म्हणलं, मंग मला द्या. बाईनं दिली. हे तिचं मोठेपण मी विसरणार न्हाई.

भिंत दोन ट्रक एकामागं एक उभे केले तर जेवढी होईल तेवढी. मी कोळसा घेतला, गेरू घेतला, लोकर जावेनं पाठवली. चार ओळी काढायच्या ठरवल्या, सगळ्यात वरची डोक्याच्या उंचीला, खालची कमरेपाशी. माझे गुडघे असे की वाकले की उठायला दोन माणसं लागतात. खालची ओळ मी पाटावर बसून सरकत सरकत काढली. पोरगी मला पाट ओढून द्यायची. उजव्या टोकाला जिथं बायका बसल्या, तिथं भिंतीशी खराच माठ ठेवला, पाण्यानं भरून, वर पेला.

शेवटच्या दिवशी छत्रपती संभाजीनगरहून, जालन्याहून गाड्या आल्या. सून आली, मुलगा आला, मुलाचे साहेबही आले. आणि अकराच्या सुमारास टेम्पोतून जाऊ उतरली, मागं शेडनेटच्या दहा-बारा जणी, नव्या साड्या नेसून. त्यांनी बाकीच्या टेबलांकडं पाहिलंसुद्धा न्हाई, सरळ भिंतीशी गेल्या. एकीमागं एक, वरची ओळ वाचत उजव्या टोकाला, तिथं पाणी प्यायल्या, गप्पा मारल्या, आणि दुसरी ओळ वाचत परत.

पाहुणे मंडळी मात्र वरची ओळ संपवून रिकामी चालत डाव्या टोकाला जायची, आणि तिथून दुसरी ओळ लावायला निघायची. समोरून शेडनेटच्या बायका यायच्या. धक्के लागायला लागले. माझ्या मुलाचे साहेब दोनदा सॉरी म्हणाले. सून एका बाजूला कपाळाला हात लावून उभी. भिंतीच्या मध्यावर मॅडम आणि माझी जाऊ समोरासमोर आल्या, जाऊ डावीकडं चाललेली, मॅडम उजवीकडं. वाट देईना कोणी.

जाऊ म्हणाली, "बाई, तुम्ही उलट्या चालून राह्यल्या."

तिनं टोमणा मारला न्हवता. तिला बाईची काळजी वाटली होती, वाट चुकलेल्या माणसाची वाटते तशी. मॅडम थांबल्या. भिंतीकडं पाहिलं, आपल्या पायांकडं पाहिलं. मंग बाजूला होऊन सगळ्या बायकांना पुढं जाऊ दिलं, आणि शेवटच्या बाईच्या मागं लागून डाव्या टोकापर्यंत आल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी मला सांगितलं की अजून वेळ आहे, तुमची पानं आहेत तशी घेते, फक्त खाली वाचकांसाठी दोन ओळींची सूचना टाकते, कसं वाचायचं त्याची. मी विचारलं, बाकीच्या सातांच्या पानांखाली सूचना हाये का, डावीकडून वाचा म्हणून? त्या म्हणाल्या, त्याची गरज पडत न्हाई. म्हणलं, तर मंग मलाही न्हाई पडत. छापखाना थांबणार न्हवता. पुस्तक माझ्याशिवाय गेलं.

वाईट वाटलं का, असं विचाराल तर वाटलं. सात जणांत आपलं नाव न्हाई हे पान उलटताना टोचतं. मुलाच्या साहेबांनी पुस्तक विकत घेतलं आणि त्यात मला शोधलं, हे ऐकून तर फारच. गोदामातल्या भिंतीवर पावसाळ्याच्या आधी चुना मारणार आहेत, तेही मला माहीत आहे.

सध्या मी डायनिंग टेबलावर मोठा कागद पसरून बसते, संध्याकाळी जेवणाची ताटं मांडायला तो गुंडाळावा लागतो. काल सून बँकेतून आली, पर्स न ठेवता तशीच वाकून बघून राह्यली. पहिली ओळ तिनं वाचली. दुसरीला परत डावीकडं गेली, अडकली, माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, आई, घरात तरी एक छोटा बाण काढा ना, माझ्यापुरता.

मी म्हणलं, न्हाई काढणार. बस, आणि पहिल्यापासून वाच.

तिनं पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.